चक्की दोन दिवस बंद

आमच्या आंजीत बसथांब्यासमोर पत्र्याची एक चक्की आहे. कागदावर ती नानाजी ताकसांडे यांच्या नावाची, पण गावात तिला कोणी नानाजीची चक्की म्हणत नाही. पंचफुलाबाईची चक्की म्हणतात. नानाजीनं ती ब्याण्णव साली बसवली आणि दोनच वर्षांत त्याच्या छातीत पीठ बसलं. दम लागू लागला. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं. तेव्हा नानाजी दाराबाहेरच्या लाकडी बाकावर येऊन बसला आणि त्याची बायको पदर खोचून आत गेली.

बाईमाणूस मोटार चालवतं, हे तेव्हा गावाला नवं होतं. त्यातून ती बौद्धपुऱ्यातली. काही घरांचे डबे वर्षभर दुसऱ्या चक्कीकडे गेले. मग एकेक करून परत आले. त्यांना बोलवायला कोणी गेलं नव्हतं. पंचफुलाबाईचं पीठ चांगलं होतं, एवढंच.

आणि ते उगीच चांगलं नव्हतं. दगड किती जवळ आणायचा हे ती मोटारीच्या आवाजावरून ठरवायची. ज्वारी दळताना आवाज जड हवा, गहू दळताना थोडा मोकळा. पहिली धार पडली की अंगठा आणि बोटाच्या मधे पीठ चोळून बघायची आणि चाक केसभर फिरवायची. आधी साऱ्यांची ज्वारी, मग गहू, सगळ्यात शेवटी हरभऱ्याची डाळ, असा तिचा क्रम होता, कारण आधीच्या दळणाचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात जातंच. ज्वारीत डाळ गेली की भाकर थापताना तुटते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. भाकरी करणाऱ्या बाईला ते आपोआप कळतं, आणि चक्की चालवणाऱ्या बहुतेक माणसांनी कधी भाकर केलेली नसते.

डब्यावर चिठ्ठी लावायची तिच्याकडे पद्धत नव्हती. गावातले दीडशे डबे ती ओळखायची. हा पोचे आलेला सुमित्राबाईचा, हा निळ्या झाकणाचा कवडूचा, ज्याच्या कडीला लाल चिंधी आहे तो नलूचा. बारा वर्षांत एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी गेलं नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि आम्हा गावकऱ्यांनाही होता. दुसऱ्या गावचा पाहुणा आला की आम्ही सांगायचो, आमची चक्कीवाली डब्याचं तोंड बघून घर सांगते.

मग लोडशेडिंगचे दिवस आले.

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. घरातला दिवा एकवेळ मिणमिणायचा, पण मोटारीला लागते ती पूर्ण लाइन दिवसातून चारच घंटे मिळायची. या आठवड्यात सकाळी सहा ते दहा, पुढच्या आठवड्यात दहा ते दोन, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी तिसरंच काही. त्या चार घंट्यांत गावचे पंप, गावची पिठाची चक्की, लाकडाची आरा मशीन, सगळे एकदमच सुरू व्हायचे. मधेच फ्यूज जायचा. चाराचे तीन व्हायचे.

चक्कीपुढची डब्यांची रांग वाढत गेली. आधी ती दारापर्यंत असायची. मग नानाजीच्या बाकापर्यंत आली. मग बाकाला वळसा घालून चिंचेच्या सावलीत गेली. डबा ठेवायचा आणि घरी निघून जायचं, अशी गावाची रीत. माणसं निघून जायची, डबे राहायचे. रोज सकाळी पंचफुलाबाई कुलूप उघडायला यायची तेव्हा तीस-चाळीस डबे तिच्याकडे तोंड करून बसलेले असायचे.

ती बदलली. हळूहळू बदलली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी दळता दळता तोंडानं चार गोष्टी चालायच्या, त्या थांबल्या. तिनं दारात एक बल्ब कायम चालू ठेवला होता, तो कधी उजळतो याकडे तिचा डोळा असायचा. जेवताना, दुसऱ्याशी बोलताना, लेकीचा बोरगाव मेघ्यातून फोन आला तरी. लेक रोशनी म्हणायची, "आई, तू ऐकून राह्यली का?" आणि ती म्हणायची, "हो हो." सगळ्यालाच ती हो हो म्हणायची. दोन डबे एकदम उचलायची. पीठ चोळून बघणं सुटलं.

नानाजी बाकावरून म्हणायचा, "अवं, जराक दम घे."

"दम तुमाले लागते, मले नाई," ती म्हणायची. "मले लाइन लागते."

ही गोष्ट दोन हजार सहाच्या दिवाळीच्या आधीची. दिवाळीला पाच-सहा दिवस होते. बेसनासाठी डाळ, अनारशासाठी तांदूळ, शिवाय रोजची ज्वारी आणि गहू. रांग चिंचेच्याही पलीकडे गेली होती. लाइनची वेळ दहा ते दोन.

डोमाजी भोयर म्हणून आमच्या गावात एक सत्तरीचे शेतकरी होते. थोड्या जमिनीत कापूस, तूर आणि दरवर्षी न चुकता अर्धा एकर बन्सी गहू. हा जुन्या काळचा कोरडवाहू गहू. लांबट, पिवळसर, कडक दाण्याचा. याला पाणी द्यावं लागत नाही, पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. बाकी गावानं विहिरीच्या पाण्यावरचा दुसरा गहू धरला, तसा हा सुटत गेला. डोमाजींनी सोडला नाही. बाजारातून बियाणं आणायचं त्यांच्या घरात ठाऊकच नव्हतं. गेल्या वर्षीच्या गव्हातलं निवडून ठेवायचं, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून झाकण लावायचं, दिवाळीच्या सुमारास पेरायचं. त्या पावसाळ्यात त्यांचं घर गळलं, म्हणून बियाण्याचा पिपा त्यांनी लेकीच्या गावी नेऊन ठेवला होता. पेरणी जवळ आली तसा जावयानं तो वर्ध्याला जाता जाता आणून चक्कीच्या दारात आत ठेवला. डोमाजीच नंतर येऊन नेणार होते. चक्कीवर गावाच्या अशा कितीतरी वस्तू ठेवल्या जायच्या. औषधाची बाटली, शाळेचं दप्तर, एकदा तर कोंबडी.

नानाजीनं दारातून ओरडून सांगितलं, "डोमाजीचा डबा हाये. त्याच्यात बियाणं हाये, बाजूले ठेवजो!"

मोटारीच्या आवाजात आतून उत्तर आलं, "हो हो!"

दोन वाजायला वीस मिनिटं होती. गव्हाचे पाच डबे बाकी होते. तिनं एकामागून एक उचलून वरच्या भांड्यात ओतायला सुरुवात केली. चौथा पिपा जरा वेगळा होता, बारा वर्षांत न पाहिलेला. झाकण निघत नव्हतं, ते तिनं हातोडीनं ठोकून उघडलं आणि न बघता ओतला.

पीठ खाली आलं ते राखाडी. मग त्यात हिरवट कण दिसले. मग वास आला. कडू, ओळखीचा, धान्याच्या कोठीत येतो तसा.

तिनं धावत जाऊन मोटार बंद केली. लाइन शिल्लक असताना मोटार बंद झाली तसा नानाजी बाकावरून उठला आणि नाकाला रुमाल लावून बारा वर्षांत पहिल्यांदाच आत आला. पंचफुलाबाई शिडीवर चढून वरच्या भांड्यात हात घालून उभी होती. तिच्या हाताला राखेत मळलेले, लांबट दाणे लागले होते. पाव पिपाच उरला होता.

"मी सांगतलं होतं ना व तुले," नानाजी हळू म्हणाला.

"सांगतलं असन," ती म्हणाली. "मी हो म्हनलं असन."

उरलेले दाणे तिनं एका पिशवीत काढले. कडू पीठ पिप्यात भरलं. लाइन अजून होती, बल्ब उजळ होता, पण तिनं कुलूप लावलं आणि दोन्ही ओझी घेऊन ती डोमाजींच्या घरी गेली.

डोमाजी ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. राम राम झालं, जय भीम झालं. तिनं पिपा त्यांच्यापुढे ठेवला.

"काकाजी, माह्याकडून चूक झाली."

डोमाजींनी झाकण काढलं. पिठात बोट घातलं, वास घेतला.

"कडुनिंब हाये हा."

"हो."

"सारा दळला?"

"एवढा राह्यला." तिनं पिशवी पुढे केली.

डोमाजींनी पिशवीतून चिमूटभर दाणे घेतले, राख फुंकली, एक दाताखाली धरून बघितला. मग उरलेले दाणे पिशवीत परत टाकून तिला गाठ मारली. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं पंचफुलाबाई नंतर सांगायची.

"हा गहू माह्या बापानं कधी इकत नाई घेतला," शेवटी ते म्हणाले. "म्या बी नाई. आता इकत भेटतही नाई."

"मी काय करू, काकाजी? तुम्ही सांगा ते करीन."

"मागच्या चार-सा सालात माह्या घरून किती जनायनं बी नेलं. कवडूनं नेलं, नत्थूजीनं नेलं. सुमित्राबाई शेवयासाठी नेते. आमच्यात पद्धत हाये, ज्यानं नेलं त्यानं, मागितलं का द्यावं. त्याईच्या घरी काई उरलं असन. जाय, घरोघरी फिर अन् मागून आन."

"मी?"

"मंग काय मी? हे गुडघे पाह्य माह्ये. पन आठ दिवसाच्या आत आन. जमिनीत ओल हाये तवर. वरचा थर सुकला का बी टाकून काई फायदा नाई."

पंचफुलाबाईच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं. "काकाजी, दिवाळी हाये. चाळीस डबे लागले. चार घंटे लाइन. मले येळ कुठं हाये?"

"तुह्यापाशी येळ नाई हे सारं गाव जानते," डोमाजी दोर हातात घेत म्हणाले. "माह्या जमिनीले कोन सांगन?"

घरी आल्यावर तिनं नानाजीला सांगितलं, की उद्या-परवा चक्की बंद.

"दिवाळीत?" नानाजी बसल्या जागी ताठ झाला. "बाया मले खातीन!"

"खाऊन काय भेटन त्याईले? हाडंच तं हायेत."

सकाळी तिनं चक्कीच्या दाराला खडूनं लिहिलं, दोन दिवस बंद. नानाजी बाकावर बसला नाही. तो सरळ बोरगाव मेघ्याला लेकीकडे निघून गेला.

पंचफुलाबाई रिकामी पिशवी घेऊन निघाली. पहिल्या घरी जाताना ती जवळजवळ धावत होती. कवडूच्या अंगणात पोहोचली तेव्हा धापा टाकत होती.

"आमी तं खाऊन टाकला व बाई," कवडू ओशाळून म्हणाला. "डोमाजीले सांगू नको. पन थांब, मायनं कोठीच्या बुडाशी काई ठेवलं असन."

त्याची म्हातारी माय कोठीत वाकली. वाकायला वेळ, शोधायला वेळ, चाळायला वेळ. पंचफुलाबाईला बसावंच लागलं. बसल्या बसल्या तिची नजर चुलीशेजारी गेली. तिथे पिठाचा मोठा डबा होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. ते पीठ तिनंच चार दिवसांपूर्वी दळलं होतं. आणि कवडूच्या निळ्या झाकणाचा डबा आज तिच्या रांगेत सहावा होता.

म्हातारीनं दिलेले दोन शेर गहू घेऊन ती सुमित्राबाईकडे गेली. सुमित्राबाई एकटी राहायची आणि बोलायला माणूस मिळालं की सोडायची नाही. तिनं चहा ठेवला. शेवयासाठी राखलेला गहू काढला, चांगला अर्धा टोपला, आणि वर म्हणाली, "या वर्षी शेवया नाई केल्या तं काई मरत नाई मी."

चहा पिता पिता पंचफुलाबाईनं विचारलं, "सुमित्राबाई, पीठ किती दिवसाचं हाये घरात?"

"असन पंधरा दिवसाचं. एकटीले लागते किती?"

"मंग रांगेत डबा काऊन ठेवला?"

"वा! साऱ्यायनं ठेवला म्हनून मीही ठेवला. लाइनचा काय भरोसा, बाई? आज ठेवला तं चार दिवसानं नंबर लागन."

पंचफुलाबाईनं कप खाली ठेवला.

त्यानंतर ती प्रत्येक घरी गव्हाआधी पिठाचं विचारू लागली. नत्थूजीनं बंधाऱ्याकडच्या वावरासाठी बियाणं राखलं होतं, त्यातलं टोपलंभर देताना तो कुरकुरला, "चक्की बंद ठेवली तुनं, आता आमी खावाचं काय?" तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आठ दिवसाचं पीठ हाये घरात, उगाच काऊन बोलता?" किराणा दुकानवाल्या शोभाबाईनं सांज्यासाठी ठेवलेला वाटीभर बन्सी दिला. तिचा पिठाचा डबा उघडाच होता, नुकतीच पोळी करून उठली होती. त्यात कोपरापर्यंत हात बुडाला असता.

दोन दिवसांत अकरा घरं झाली. नऊ घरांत पीठ होतं. कुठे आठवड्याचं, कुठे दोन आठवड्यांचं. दहाव्या घरात उद्यापुरतं होतं.

अकरावं घर नलूचं, तिच्याच मोहल्ल्यातलं. नलू दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. सकाळी चक्कीवर यायला तिला जमायचं नाही. तिचा लाल चिंधीचा डबा संध्याकाळी यायचा आणि नेहमी रांगेच्या शेपटाला लागायचा. नलूच्या चुलीवर भात शिजत होता.

"भाकर नाई केली आज?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"पीठच कुठं हाये, काकू? तीन दिवसापासून भातावरच हावो आमी," नलू हसत म्हणाली. "आमचा नंबर आला का भाकर."

नलूकडे बन्सी गहू नव्हता. पण पंचफुलाबाई तिच्याकडे बराच वेळ बसली.

रस्त्यानं परत येताना ती एकटीच हसायला लागली, असं ती सांगायची. गाईंना पाणी पाजून आणणाऱ्या माणसानं तिच्याकडे वळून बघितलं. दीड वर्ष ती ज्या रांगेमागे धावत होती, ती भुकेची रांगच नव्हती. लाइन जाईल या भीतीनं घरोघरची माणसं डबे आधीच लावत होती. तिच्यापुढे रांग मोठी दिसली म्हणून दुसरे आणखी आधी लावत होते. आणि ज्या घरात खरोखर पीठ नव्हतं, ते घर शेवटी उभं होतं. साऱ्या गावाची घाई तिनं एकटीनं आपल्या अंगावर घेतली होती, आणि त्यातली बहुतेक घाई कोणाचीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चक्कीपुढे बायांची गर्दी होती. रागावलेल्या होत्या. नानाजी लेकीकडून आला होता आणि मागच्या भिंतीआड लपल्यासारखा उभा होता. पंचफुलाबाईनं कुलूप काढलं, पण डबे उचलले नाहीत. दारात उभी राहिली.

"एकेक जन सांगा. घरात पीठ किती दिवसाचं हाये?"

"हे काय नवं?" शोभाबाई पुढे झाली. "आमचा नंबर पहिला हाये. आमच्या घरचं संपलं."

"शोभाबाई, परवा तुमच्याच घरी आली होती मी. तुमच्या डब्यात कोपरापर्यंत हात गेला असता."

"तू गहू मागाले आली होती का आमचे डबे पाहाले?"

"गहू मागाले. डबा तुमीच उघडा ठेवला होता."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी हसली. शोभाबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "बरं बाप्पा, असन थोडंबहुत." तेवढ्यानं बाकीच्यांची जीभ सैल झाली. चार दिवसाचं हाये, आठ दिवसाचं हाये. खोटं बोलायला आता कठीण होतं, कारण ही बाई घरोघरी जाऊन आली होती आणि बाजूची शेजारीण कान देऊन उभी होती. ज्यांच्याकडे पीठ होतं त्यांचे डबे तिनं भिंतीशी सरकवले. सुमित्राबाई तर आपला पोचे आलेला डबा उचलून सरळ घरीच घेऊन गेली.

लाइन आली तेव्हा रांगेत नऊ डबे होते. पहिला लाल चिंधीचा.

त्या दिवशी तिनं पीठ पुन्हा अंगठ्यानं चोळून बघितलं. एका डब्याला तिला दोन वेळा चाक फिरवावं लागलं. पुढे वीज सुधारली, लाइन दिवसभर राहू लागली, पण घरात किती दिवसाचं पीठ आहे हे विचारायची रीत त्या चक्कीवर तशीच राहिली. नव्यानं गावात आलेल्या सुना आधी गोंधळतात, मग सवय होते.

त्या तिसऱ्या दिवशी लाइन गेल्यावर तिनं दोन दिवसांत जमवलेला गहू डोमाजींपुढे नेला. उरलेला पाव पिपा, कवडूच्या मायचे दोन शेर, सुमित्राबाईचा अर्धा टोपला, नत्थूजीचं टोपलं, शोभाबाईची वाटी आणि इतरांचं थोडं थोडं. डोमाजींनी सगळं एका चादरीवर पसरलं आणि सांजवेळेपर्यंत हातानं निवडलं.

"कमी पडन," ते म्हणाले. "पन ठीक हाये. उद्या पेरू. चाड्यावर मूठ कोन धरन? बाया साऱ्या कापसाले गेल्या."

तिफणीच्या वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. बैल तिफण ओढतात आणि मागून चालणारी बाई मुठीतून बी त्या चाड्यात सोडत जाते. मूठ फार उघडली तर बी दाट पडतं आणि अर्ध्या वावरात संपतं. आवळली तर ओळ रिकामी जाते.

"उद्या दहा ते दोन लाइन हाये, काकाजी," पंचफुलाबाई म्हणाली. मग रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मी धरीन मूठ."

सकाळी गार हवा होती. काळ्या मातीत पाय टाकला की खालची ओल तळव्याला लागायची. डोमाजींनी बैल हाकले. पंचफुलाबाई ओटीत बी घेऊन मागून चालू लागली. पोरवयात ती माहेरी चाड्यावर चालली होती, हाताला ते आठवत होतं. मूठ चाड्यावर, करंगळीच्या बाजूनं दाणे सुटायचे, बैलांच्या पावलाबरोबर. एक फेरा, दुसरा, तिसरा. मागे वळून बघायचं नाही. बघितलं की मूठ ढिली होते.

दहा वाजायच्या सुमारास पलीकडच्या वावरातला पंप एकदम सुरू झाला. धप्प करून पाणी पाइपातून बाहेर पडलं. पंचफुलाबाईनं मान वळवली नाही, पण तिला कळलं. गावात बल्ब उजळला असेल. चक्कीच्या दाराला कुलूप आहे. तिची पावलं नकळत लांब पडू लागली.

"पंचफुला," डोमाजी पुढून म्हणाले, "मूठ सुटून राह्यली."

तिनं खाली बघितलं. दाणे सांडल्यासारखे पडत होते. ती थांबली, बैलही थांबले. तिनं मूठ पुन्हा धरली, बोटं नीट मिटली, एक श्वास घेतला.

"चला, काकाजी."

मग मूठ पुन्हा सुटली नाही. डोमाजींनी मागे वळून दोन-तीनदा ओळ बघितली आणि बैल पुढे हाकले. पंप चालू होता, पाणी पडत होतं, बगळे ओलीवर उतरत होते. फेरे होत गेले.

दुपारी ओटीतलं बी संपलं. धुऱ्याच्या बाजूचे, बांधालगतचे दोन फेरे राहिले होते. ताज्या ओळींशेजारी तेवढी पट्टी तशीच काळी, रिकामी पडली.

"अजून दोन घरं राह्यली माह्यी विचाराची," पंचफुलाबाई म्हणाली. "संध्याकाळी जाऊन आनू का? उद्या सकाळी पेरून टाकू."

डोमाजींनी पट्टीकडे बघितलं. बैलांच्या मानेवरचं जू काढलं.

"राहू दे. त्यात जवस टाकीन, नाई तं बैल बसतीन. बियाले पुरन एवढं पेरलं हाये. पुढल्या साली ह्याच्यातूनच निंगन."

बाभळीच्या सावलीत डोमाजींनी फडकं सोडलं. भाकर, ठेचा आणि कांदा. फडकं त्यांनी दोघांच्या मधे ठेवलं. पलीकडे पंप अजून चालू होता.

"लाइन जाईन आता थोड्या येळात," डोमाजी म्हणाले.

"जाईन," पंचफुलाबाई म्हणाली, आणि तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.